बासरी घेतांना

आमची नात नऊ वर्षांची आहे. गेल्या चैत्रांत शाळेंतून येतांच "आजोबा, मला बासरी हवी," असें तिनें जाहीर केलें, तेव्हां घरांतील मंडळींस कौतुक वाटलें. आम्हांस मात्र एक जुनी गोष्ट आठवली.

तिचा बाप दहा वर्षांचा असतां त्यानेंही हाच हट्ट धरिला होता. त्यास आतां सुमारें तीस वर्षें झालीं. नरसोबाच्या वाडीस दत्तजयंतीच्या यात्रेंत आम्हीं त्याला रंगीत पट्ट्यांची एक बासरी घेऊन दिली आणि आपलें कर्तव्य संपलें असें मानिलें. मुलगा दोन महिने नित्य खटपट करी. पुढें शाळेच्या संमेलनांत पेटीच्या साथीनें वाजवावयास उभा राहिला, तों दुसऱ्या ओळीपासूनच सूर पेटीशीं जुळेना. मुलें हंसलीं. घरीं आल्यावर आम्हीं त्यास म्हटलें, "बाळ, तुला कान नाहीं, अभ्यासांत लक्ष घाल." त्यानें बासरी फडताळांत ठेविली ती ठेविलीच. जन्मभर वह्यांवर शेरे मारणाऱ्या माणसास आणखी एक शेरा मारावयास कितीसा वेळ लागतो!

आतां नातीसाठीं तीच बासरी काढली आणि ओळखीच्या एका बासरीवादक गुरुजींस दाखविली. त्यांनीं पेटीचा सूर धरून चार फुंका मारल्या व म्हणाले, "मास्तर, ही कोणीही वाजवली तरी बेसूरच वाजणार. हिचा गांधार चढलेला आहे, आणि निषाद कुठेंच बसत नाहीं." आम्ही मान खालीं घालून ऐकत होतों.

रघुवंशाच्या दुसऱ्या सर्गांत दिलीप राजा धेनूमागें वनांत हिंडत असतां, वाऱ्यानें भरलेले कीचक नांवाचे सच्छिद्र वेळू बासरीचें काम करितात, हें आम्हीं कित्येक वर्षें वर्गांत मोठ्या रसिकतेनें शिकविलें. परंतु त्या वेळूंचीं भोंकें कोणी सुराशीं ताडून पाहिलीं नव्हतीं, आणि राजास त्यांवर संमेलनांत वाजवावयाचेंही नव्हतें.

गुरुजींकडून जें कळलें तें सांगतों. आमच्या मिरजेस तंबोरे व सतारी करणारांचीं पिढीजात घरें आहेत. बासरीचा चांगला वेळू मात्र बहुधा आसामाकडून येतो. तो पातळ सालीचा व लांब पेराचा लागतो, कारण फुंकीच्या भोंकापासून खालच्या टोंकापर्यंत मध्यें गांठ असून चालत नाहीं. वरचें टोंक तेवढें गांठीनें किंवा बुचानें बंद असतें. लांबीविषयीं आमची समजूत अगदीं उलटी होती. पन्नालाल घोष (१९११–१९६०) यांनीं रागदारीसाठीं सुमारें ३२ इंचांची बासरी पुढें आणिली. मैफलींत ऐकलेला तो गंभीर सूर आमच्या मनांत असल्यामुळें, एकदांच मोठी घ्यावी, मुलगी वाढेल, असा आमचा हिशेब होता. अंगरख्याच्या बाबतींत तो हिशेब चालतो. बासरीच्या बाबतींत नाहीं. लांब बासरीवर मोठ्या माणसाचींही बोटें ताणतात. मुलाचें अनामिकेचें बोट भोंक पुरतें झांकूं शकत नाहीं, हवा निसटते व सूर निघत नाहीं. गुरुजींनीं नातीचा हात पाहून पांढरी एकची, सुमारें १९ इंचांची, बासरी सांगितली.

निवड मात्र जाणत्यानेंच फुंकून करावी; नवशिक्या मुलाच्या फुंकीनें पहिले कांहीं दिवस नुसता वाराच निघतो. वरचीं तीन भोंकें झांकलीं कीं षड्ज, सहाही झांकलीं कीं मंद्र पंचम. मग बोटें तशींच ठेवून फुंक जोरदार केली कीं मध्य सप्तकाचा पंचम निघतो. हे दोन्ही पंचम तंबोऱ्याशीं जुळले, तर पुढें बाकीचे सूर पाहावे. न जुळले तर ती बासरी खालीं ठेवावी, मग तिच्यावर कितीही रेशमी गोंडे असोत.

बाकी सरंजाम थोडा. काडीस गुंडाळलेलें मऊ सुती फडकें, म्हणजे वाजविल्यावर आंतील ओल पुसतां येते, एक खोळ, आणि वर्षांतून एकदोनदां आंतून पुसावयास थोडें बदामाचें तेल. वेळू तडकूं नये म्हणून दोऱ्याचे वेढे दिलेले असतात, ते मुलांनीं उकलूं नयेत. उन्हांत ठेवूं नये. तंबोरा हल्लीं मोबाइलवर फुकट वाजतो. आम्हांस तो मिरजेच्या भोपळ्यापुढें पिचकाच वाटतो, पण सूर खरा धरतो हें कबूल केलें पाहिजे. आरंभीं फुंकून फुंकून मुलांस भोंवळ येते, म्हणून दहा मिनिटें पुरेत.

गुरुजींकडून आलों त्या रात्रीं जेवणानंतर आम्हीं मुलास सांगितलें कीं, दोष बासरीचा होता. तो क्षणभर थांबला. "बाबा, मला तेव्हांच वाटत होतं, पण तुम्ही म्हणालांत म्हणून..." त्यानें वाक्य पुरें केलें नाहीं, आणि आम्हीं विचारलें नाहीं.

बासरी आणावयास तो आपण होऊन आमच्याबरोबर आला. नात रोज दिवेलागणीस दहा मिनिटें वाजविते. तिचें झालें कीं फडकें घेऊन बासरी आंतून पुसण्याचें काम तिचा बाप करितो, आणि खोळींत घालण्यापूर्वीं, आम्ही ओसरीवर आहों असें पाहून, एखादा सूर धरून पाहतो.