दोन महिने पुढे चालणारे दुकान

शिरूर (घोडनदी),
नवरात्रातील रविवार

तीर्थस्वरूप अक्का हिस, धाकटीचा शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

तुझे पत्र गौरी उठल्या त्या आठवड्यातच पोहोचले होते. परंतु मागोमाग भादवी पोळा, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी घटस्थापना, आणि घटस्थापनेपासून रोज नव्या रंगाच्या ओढण्यांची, बांगड्यांची आणि कागदी माळांची मागणी, अशी रांग लागल्यामुळे आज दुपारी दुकानाची फळी अर्धी लावून हे चार शब्द लिहावयास बसले आहे. तू विचारले आहेस की, सत्तरी उलटल्यावरही मी काउंटरमागे उभी का राहते, आणि ज्या वस्तू दहा दिवसांत निर्माल्याबरोबर किंवा उकिरड्यावर जावयाच्या, त्या विकण्यात माझा जीव कसा रमतो. प्रश्न माझ्या गुडघ्यांच्या काळजीने विचारला आहेस हे मला कळते, म्हणून त्याचे उत्तर मी तपशीलवार देते.

प्रथम हे समजून घे की, आमच्या दुकानाचे पंचांग गावाच्या पंचांगापेक्षा दोन महिने पुढे चालते. बाहेर मंगळागौरीची फुगडी रंगलेली असते तेव्हा आतल्या खोलीत आकाशकंदिलांचे गठ्ठे येऊन पडतात. गणपतीची गर्दी ओसरते न ओसरते तोच पुण्याच्या बोहरी आळीतला ठोक व्यापारी हलव्याच्या दागिन्यांचा आकडा विचारू लागतो. बरे, माल उधारीवर येतो, उधारी इंग्रजी तारखेने फेडावी लागते आणि सण मात्र तिथीने येतात. या दोहोंचा मेळ घालण्याचे काम तरुण मालकांनी विश्वासाने माझ्याकडे सोपविले आहे. यंदा, २०२५ साली, गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला आली. पुढील वर्षी १७ मे ते १५ जून हा अधिक ज्येष्ठ असल्यामुळे ती १४ सप्टेंबरवर जाईल. मालकांनी यंदाच्याच तारखा धरून मागणीचा कागद तयार केला होता. मी कालनिर्णय पुढे ठेवले, बोट ठेवून अधिक मास दाखविला, तेव्हा ते डोक्याला हात लावून मनमोकळे हसले आणि कागद फाडून माझ्याकडे कोरा दिला.

पोळ्याची मजा तुला सांगितलीच पाहिजे, कारण तुम्हा दौंडकरांना रेल्वेच्या गाड्या अधिक आणि बैल कमी ठाऊक. इकडे काही गावांत श्रावणी अमावास्येला आणि काही गावांत भाद्रपदी अमावास्येला पोळा होतो, त्यामुळे गोंडे, माथोट्या, घुंगरमाळा, शिंगांना लावावयाचा हिंगूळ आणि बेगड यांची विक्री महिन्याच्या अंतराने दोनदा होते. शर्यतीच्या बैलांचा साज निराळा असतो; २०१४ साली न्यायालयाच्या मनाईने बैलगाडा शर्यती बंद झाल्या तेव्हा तो माल वर्षानुवर्षे शिलकी पडला, आणि डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाल्यावर लोक तो मागण्यास पुन्हा येऊ लागले. पण शर्यतीशी ज्यांचा काही संबंध नाही अशा एका वृद्ध शेतकऱ्याची हकीकत मला तुला सांगावयाची आहे. नदीकडच्या गावाहून ते दरवर्षी येतात, आणि नवरीची करवली शालू पाहणार नाही इतक्या बारकाईने गोंडे पाहतात. एके वर्षी लाल गोंडा एकच उरला होता. मी म्हटले, "बाबा, एकाला लाल आणि एकाला पिवळा बांधा, शोभा येईल." त्यावर ते गंभीरपणे म्हणाले, "नको बाई, डाव्याला वाटंल की उजव्याचं लाड चाललेत." मग मी लोकर काढली, दुसरा लाल गोंडा तिथेच बसून गुंडाळला, आणि तो होईपर्यंत दोन तास बाबा चहा पीत बसून डाव्याच्या आणि उजव्याच्या स्वभावातला भेद मला समजावून सांगत राहिले. परवा ते पुन्हा आले. बैल विकले होते; दारात मुलाचा ट्रॅक्टर उभा होता. बाबांनी गोंडे मात्र दोनच मागितले, तेही एकाच रंगाचे, म्हणाले, "दोन दिवं हायेत की त्याला." मी दोन्ही गोंडे पुनःपुन्हा झाडून, केस सारखे करून दिले.

गौरींच्या दिवसांत तर दुकानाला माजघराचे रूप येते. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठावर पूजन आणि मुळावर विसर्जन, असा तीनच दिवसांचा पाहुणचार; पण त्या पाहुणचाराची सिद्धता पंधरा दिवस आधीपासून सासवा-सुना माझ्यासमोर बसून करतात. कोणी मुखवट्याचे माप दोऱ्यावर घेऊन येते, कोणी टोपलीवर बसणाऱ्या कोठीला साडी किती निऱ्यांची लागेल याचा वाद घालते. यंदा एका आजीबाईंनी दोन मोत्यांच्या माळा निवडल्या, चष्मा सावरून दोन्हींचे मणी मोजले, आणि धाकट्या गौरीच्या माळेत एक मणी कमी आहे असा निवाडा दिला. सून संकोचून म्हणाली, "आई, तेवढं कोण बघतंय?" आजीबाई म्हणाल्या, "धाकटी बघत्येय ना!" अक्का, मीही धाकटीच; मी तत्काळ माळ सोडली आणि मणी ओवला. त्याच संध्याकाळी खड्यांच्या गौरी बसविणाऱ्या घरातली एक बाई आली. नदीवरून आणलेल्या पाच खड्यांसाठी तिला वीतभर जर हवी होती. वीतभर जरीचे पाच तुकडे सारखे कापणे हे हारांचा गठ्ठा विकण्यापेक्षा नाजूक काम आहे. ते कापताना माझा हात कापला नाही याचा मला आनंद झाला.

आता तुझ्या उकिरड्याच्या मुद्द्याकडे येते. थर्मोकोलची मखरे भरात होती त्या काळात तुझे म्हणणे अक्षरशः खरे होते. तयार मखर न्यावे, दहा दिवस मांडावे आणि फेकावे. ते कुजतही नसे. २३ मार्च २०१८ रोजी सरकारने प्लॅस्टिक व थर्मोकोलच्या बंदीची अधिसूचना काढली, त्या वर्षीच्या गणेशोत्सवापुरती तरी सूट मिळावी म्हणून उत्पादकांनी केलेला अर्ज जुलैत उच्च न्यायालयाने नाकारला, आणि चतुर्थी सप्टेंबरात येऊन ठेपली. मालक चिंतेत पडले. मी त्यांना म्हटले, बांबूच्या कामट्या, पुठ्ठा, घोटीव कागद, सुतळी आणि खळ एवढे मला आणून द्या. त्या वर्षी दुकानाच्या ओट्यावर मी मुलांना बसवून कामट्यांची चौकट बांधण्यास शिकविले. कामटी कोठे तासावी, दोऱ्याची गाठ कशी आवळावी, खळ दाट का पातळ, वाळवी व किडे लागू नयेत म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद का घालतात आणि घातल्यावर हात का धुवावे, हे त्यांना कोणीच सांगितले नव्हते. एका मुलाचे मखर इतके कलंडले की गणपती तिरपा बसणार हे उघड होते. त्याच्या वडिलांनी मखर सरळ करण्याऐवजी पाटाखाली एका बाजूस पुठ्ठ्याची घडी सारली आणि मुलाने केलेले मखर तसेच ठेवले. तो मुलगा आज रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आहे, आणि १७ सप्टेंबरला कारखान्यातील विश्वकर्मापूजेची आरास तोच करतो. बिहार-उत्तर प्रदेशाकडील त्याचे सोबती त्याच्याबरोबर झालरी न्यावयास येतात तेव्हा तो त्यांना माझी ओळख "माझ्या मास्तरीणबाई" अशी करून देतो. मखर कधीच विरघळून गेले, अक्का. हात राहिला आहे, आणि मी त्या हातासाठी उभी आहे.

आणि हे मी कोठे शिकले, तुला आठवत नाही काय? दौंडच्या रेल्वे वसाहतीत वडील दिवाळीच्या आधी कामट्या तासावयास बसत, आई खळ शिजवी. आईला वेताचे विणकाम शिकविणाऱ्या बाई केडगावच्या, पंडिता रमाबाईंनी उभारलेल्या मुक्ती मिशनात वाढलेल्या. बांधणीच्या गाठी आईने त्यांच्याकडून घेतल्या आणि आपण आईकडून. आपल्या कंदिलाला एकच शत्रू होता, तो म्हणजे लोको शेडमधला धूर. वसुबारसेला लावलेला पतंगी कागद नरकचतुर्दशीपर्यंत काजळून जाई, आणि आपण दोघी लक्ष्मीपूजनाच्या दुपारी तो फाडून नवा चिकटवीत असू. शेजारच्या अँग्लो-इंडियन आंटी दिवाळी संपताच आपल्या चांदणीच्या आकाराच्या कंदिलाचा सांगाडा मागून नेत, त्यावर पांढरा कागद चढवून नाताळात दाराला लावीत, आणि नववर्षानंतर सांगाडा परत करताना उरलेल्या तांबड्या क्रेप कागदाच्या पट्ट्या आपल्याला देत; त्याच पट्ट्या आपण संक्रांतीला हळदीकुंकवाच्या वाणाभोवती गुंडाळीत होतो. आजही माझा तोच क्रम आहे. शिरुरात अमेरिकन मराठी मिशनच्या काळापासून ख्रिस्ती कुटुंबे आहेत, त्यांच्यासाठी दिवाळीतील चांदण्या मी बाजूला काढून ठेवते, आणि मालकांना तो माल शिलकेत धरू देत नाही.

हलव्याच्या दागिन्यांविषयी सविस्तर मार्गशीर्षात लिहीन. मंद आचेवर पाकाचा थेंब थेंब सोडून दाण्याला काटा आणावयाचा, तर हवा कोरडी असावी लागते, आणि सध्या पाऊस पाठ सोडीत नाही. गेल्या वर्षी एका नवऱ्या मुलीने हलव्याचा कंबरपट्टा आठवण म्हणून कपाटात जपून ठेवला होता. मुंग्यांनी तिच्या आधी सण साजरा केला आणि ती हातात नुसता दोरा घेऊन माझ्याकडे आली. तिला मी त्याच दोऱ्यावर पुन्हा ओवून देणार आहे.

आता एक काम. वडिलांच्या कंदिलाचा सांगाडा तुझ्या माळ्यावर, लोखंडी ट्रंकेमागे, असावा. तुझा नातू न्हावऱ्याच्या रस्त्याने शिरूरला येणार आहे, त्याच्याबरोबर तो पाठव. कामटी मोडली असली तरी पाठव, मी नवी बसवीन. कागद मात्र कोणत्या रंगाचा, हे अजून ठरलेले नाही: तू साठ वर्षांपूर्वी गुलाबीचा आग्रह धरलास, मी हिरव्याचा, आणि वडिलांनी दोघींची समजूत घालण्यासाठी पिवळा लावला. दोन्ही रंगांचे ताव मी वेगळे काढून ठेवले आहेत. तुझा निर्णय नातवाकडे लेखी दे, म्हणजे वसुबारसेच्या आधी खळ शिजवावयास घेते.

भावोजींस नमस्कार, मुलांस आशीर्वाद.

तुझी,
धाकटी