वाचनालयाचं संकेतस्थळ घडवताना

ग्रंथालयशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात मी वेब डिझाइन हा ऐच्छिक विषय घेतला. एचटीएमएल, सीएसएसची ओळख झाली, सराव म्हणून एका काल्पनिक कॉफीच्या दुकानाचं पानही बनवलं. पान नेटकं होतं, पण ते कुणालाच नको होतं. खरा वाचक भेटला तो इंटर्नशिपमध्ये. वाचनालय कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी, मी पुण्यात, आणि सगळं काम गूगल मीटवर.

पहिल्याच दिवशी ग्रंथपाल मॅडमनी फोन हातात धरून मला अख्खं वाचनालय दाखवलं. देवघेवीचं काउंटर, बालविभाग, वर्तमानपत्रांचं लांब टेबल, दिवाळी अंकांचं कपाट. लोक फोन करून काय विचारतात, असं मी विचारलं.

"आज उघडं आहे का, वर्गणी किती, आणि अमुक पुस्तक आलंय का. चौथं काही कुणी विचारत नाही गं."

माझं मुखपृष्ठ तिथेच ठरलं. कार्यकारिणीला मात्र सर्वांत वर कार्यक्रमांच्या सरकत्या फोटोंची पट्टी हवी होती. स्वस्तातल्या मोबाइलवर ती उघडायला वेळ लागायचा आणि वाचनालयाच्या वेळा पार खाली जायच्या. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांपैकी चौथं सूत्र वाचकाचा वेळ वाचवायला सांगतं. परीक्षेसाठी पाठ केलेलं ते सूत्र पुढे करून मी आग्रह धरला. फोटो आतल्या पानावर गेले, वेळा वर आल्या.

सगळ्यात जास्त दिवस गेले ते पुस्तकांच्या यादीत. यादी एक्सेलमध्ये होती, पण युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली. तो फॉन्ट असलेल्या संगणकावर सुबक मराठी, इतरत्र नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हं. कन्व्हर्टरमधून काढल्यावर बरंचसं सुधारलं. मग मी शोधपेटीत 'वाऱ्यावरची वरात' टाइप केलं. पुस्तक कपाटात आहे, यादीत दिसतंय, पण शोधात येत नाही!

दोन्हीकडचा मजकूर अक्षर अक्षर सुटं करून पाहिला तेव्हा उलगडा झाला. युनिकोडमध्ये 'ऱ्य' दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एका तऱ्हेत खाली टिंब असलेला 'ऱ', मग हलन्त, मग 'य'. दुसरीत साधा 'र', हलन्त, आणि त्याला लागून एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच, संगणकाच्या लेखी दोन निराळे शब्द. शिवाय घाईत 'वार्यावरची' असं टाइप करणारे असतातच. शोध घेण्याआधी ही सगळी रूपं एका साच्यात आणणाऱ्या जावास्क्रिप्टच्या दोन-तीन ओळी लिहिल्या आणि पुस्तक सापडलं. आता 'दर्या' शोधणाऱ्याला 'दऱ्या'ही दिसतील, पण ते चालेल. असलेलं पुस्तक 'नाही' म्हणून सांगणं मला मुळीच चालणार नव्हतं.

त्यानंतर मराठी पानाकडे बघायची माझी नजरच बदलली. तयार टेम्प्लेटमध्ये पानाची भाषा इंग्रजी नोंदलेली होती. ती मराठी केली, कारण दृष्टिहीन वाचकाचा स्क्रीन रीडर त्या नोंदीवरून उच्चार ठरवतो. काही फॉन्टमध्ये 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणंही त्या नोंदीमुळेच उमटतात. अक्षरांमधलं वाढीव अंतर काढून टाकलं, त्याने शिरोरेषा तुटत होती. ओळींमधलं अंतर वाढवलं, म्हणजे वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार एकमेकांना भिडत नाहीत. फिकट केशरी मथळे तर गेलेच. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान ४.५ : १ इतकं गुणोत्तर हवं, हा नियम वर्गात शिकले होते. वर्तमानपत्रांच्या टेबलाशी बसलेली ज्येष्ठ मंडळी पाहिल्यावर तो कुणासाठी आहे ते कळलं.

हे सगळं देवनागरीचे प्रश्न म्हणून अभ्यासक्रमात यायला हवं, असं मला ठामपणे वाटतं. महाराष्ट्रात गावोगावी शासनमान्य वाचनालयं आहेत आणि कित्येकांच्या याद्या अजून जुन्या फॉन्टमध्ये असणार.

काम सोपवताना मी मॅडमसाठी चित्रांसह मराठीत माहितीपत्रक केलं. बालविभागाची नवी पुस्तकं त्यांनी स्वतःच यादीत चढवली. आता त्यांना नियतकालिकांचं पान हवंय. कुठला अंक आला आणि कुठला अजून पोस्टात आहे, हे सभासदांना घरबसल्या कळावं म्हणून. इंटर्नशिप संपली असली तरी त्याचा आराखडा मी करायला घेतला आहे.