खाली काय होतं?

माती या वस्तूशी मराठी माणसाचा घरोबा मोठा. फजिती झाली की तो माती खातो, केल्या कामाची माती करतो, आणि शेवटी मातीतच जातो. पण घर घेताना मात्र तो मातीकडे ढुंकूनही पाहत नाही.

आमचे शेजारी नाना यांनी गिरणगावात एकतिसाव्या मजल्यावर फ्लॅट पसंत केला. नाना घर पाहतात ते पूर्वीचे लोक मुलगी पाहत तसे. दार पूर्वेला का, स्वयंपाकघर आग्नेयेला का, पाणी किती वाजता येतं, सगळं विचारून झालं. नळ सोडून पाहिले, भिंतींवर टिचक्या मारल्या. मी आपलं सहज म्हटलं, "नाना, खाली काय होतं ते विचारलंत का?"

"खाली तीन मजले पार्किंग आहे."

"त्याच्याखाली?"

"त्याच्याखाली पाताळ!" नानांनी विषय मिटवला.

पाताळाच्या जरा अलीकडे गिरणीचं रंगखातं होतं. माझे वडील तिथे कामाला होते. त्यांच्या नखांकडे बघून आई सांगायची, या आठवड्यात गिरणीत कुठल्या रंगाचा माल निघतोय. मागच्या गटारातून सोमवारी हिरवं पाणी वाहायचं, बुधवारी जांभळं. त्यामुळे आम्हा पोरांना रंगपंचमीचं अप्रूप असं कधी वाटलंच नाही. ते पाणी जातं कुठं, हे कुणी विचारलं नाही. थोडं समुद्राला मिळालं असेल, थोडं जमीन प्यायली असेल. जमीन म्हणजे जुन्या काळची सासुरवाशीण. पुढ्यात येईल ते गिळायचं आणि बोलायचं नाही.

18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि त्यातले कितीतरी पुन्हा आत गेलेच नाहीत. मग लोकांच्या लक्षात आलं, की गिरण्यांत कापडापेक्षा जमीन महाग आहे. 1991 च्या नियमानं तिचे तीन वाटे केले: एक मोकळ्या जागेसाठी पालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. 2001 साली दुरुस्ती आली, की वाटे करायचे ते फक्त बांधकाम नसलेल्या जमिनीचे. आता गिरणीत जिकडे बघावं तिकडे शेड. रिकामं ते काय उरणार? पंगतीला श्रीखंड सांगून पातेल्याची खरवड वाढण्यातला हा प्रकार. वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. पण भांडण सारं जमीन किती याचं. जमीन कशी, हे विचारणारा विरळा.

अमेरिकेत नायगाराजवळ लव्ह कॅनॉल म्हणून जागा आहे. एका रासायनिक कंपनीनं तिथे सुमारे 21,000 टन रसायनं पुरली आणि 1953 साली ती जमीन शाळा मंडळाला एका डॉलरला विकली. एका डॉलरला! आपल्याकडचा कुणी असता तर म्हणाला असता, "बारा आणे घ्या." तिथे शाळा झाली, भोवती घरं झाली. 1978 साली रसायनं तळघरांतून वर आली, लोक आजारी पडल्याचं पुढं आलं, आणि राष्ट्राध्यक्षांना आणीबाणी जाहीर करावी लागली.

लंडनवाले शहाणे. 2012 च्या ऑलिंपिकसाठी त्यांनी कारखान्यांची आणि कचऱ्याची जुनी जागा घेतली, तेव्हा आधी मातीसाठी इस्पितळं काढली. खरंच, त्यांना नावच 'मातीचं इस्पितळ' होतं. माती खणायची, चाळायची, धुवायची, आणि बरी झाली की जागेवर सोडायची. आपल्याकडे माणसाला खाट मिळताना मारामार!

ज्यांना घाई नाही त्यांच्यासाठी आणखी एक उपाय आहे. मोहरी पेरायची. ती मुळांवाटे जमिनीतलं शिसं ओढून घेते. वर्षं मात्र बरीच लागतात, आणि ती मोहरी फोडणीला चालत नाही. हे ऐकून नाना म्हणाले, "बिल्डर मोहरी पेरत बसला तर पझेशन माझ्या नातवाला मिळेल."

2025 साली आपल्याकडेही दूषित जागांचे नियम निघाले. ज्यानं घाण केली त्यानं निस्तरावी, असं त्यांचं तत्त्व. तत्त्व सोन्यासारखं. पण कित्येक ठिकाणी घाण करणारा केव्हाच दुकान आवरून गेलेला असतो, आणि सापडतो तो वर राहणारा.

"मग मी काय बिल्डरला माती दाखव म्हणू?" नाना चिडले.

"म्हणा की. वास्तुवाल्याला हजारो रुपये दिलेत, त्यात मूठभर माती तपासून होईल. खाली नातवंडं खेळणार आहेत."

नाना गप्प झाले. हल्ली बिल्डरकडे जाताना एक कोरी पिशवी बरोबर नेतात, असं वहिनी सांगत होत्या.

मला मात्र त्या तपासणीची वेगळीच उत्सुकता आहे. गिरणी गेली, भोंगा गेला, टॉवरला भलतंच विलायती नाव आलं. वडिलांच्या रंगखात्याची नोंद आता कुठल्याच पाटीवर नाही. उद्या कागदावर क्रोमियम, शिसं असं काही निघालंच, तर नानांना धक्का बसेल. मी तो कागद जरा जपून वाचीन. खात्याचा शेवटचा हजेरीपट म्हणायचा तो तेवढाच.