पांग

मुलगा मिळवता झाला की शेजारीपाजारी म्हणतात, "आता आईबापांचे पांग फेडील हो!" हा शब्द मीही पुष्कळांच्या मुलांविषयी वापरला आहे. परंतु गेल्या महिन्यात घरी बसून एक चिनी चित्रपट पाहिला आणि तेव्हापासून तो शब्द जिभेवर येताना अडखळतो.

चित्रपट १९७९ सालचा, शांघायच्या ॲनिमेशन स्टुडिओने काढलेला. नातवासाठी मुलाने तो लावला होता. पडद्याखाली इंग्रजी अक्षरे येत आणि मुलगा ती त्याला मराठीत सांगे. नायक नेझा नावाचे पोर. साडेतीन वर्षे आईच्या पोटात राहून ते मांसाच्या गोळ्याच्या रूपाने जन्मते. बाप ली चिंग त्या गोळ्यावर तलवार चालवतो, तो आत कमळ, आणि कमळात बाळ! पुढे पूर्वसमुद्राच्या ड्रॅगनराजाचा मुलगा नेझाच्या हातून मरतो. चारी समुद्रांचे राजे गावावर पाणी लोटतात. पोर द्या, नाही तर गाव बुडवतो म्हणतात. बाप तलवार उगारतो, पण हात चालत नाही. मग नेझाच ती तलवार घेतो आणि कोसळत्या पावसात आपल्या गळ्यावर ओढतो. तुमचे हाडमांस तुम्हांला परत, असे तो बापाला सांगतो. हे मुलाने मराठीत सांगितले आणि पुढे तो गप्प झाला.

वीस वर्षांपूर्वी माझ्या मनाविरुद्ध त्याने चांगली नोकरी सोडली, तेव्हा त्याच्या शिक्षणाच्या खर्चाचा आकडा मी रागाने त्याला ऐकवला होता. तो काही बोलला नाही. दोन वर्षांत तेवढीच रक्कम, रुपयाला रुपया, माझ्या खात्यावर जमा झाली. लोक म्हणाले, "भाग्यवान आहात!"

हा नेझा मूळचा आपल्याकडचाच. कुबेराचा मुलगा नलकूबर बौद्ध ग्रंथांबरोबर चीनला गेला आणि तिथे त्याच्या नावाचा नेझा झाला. आपल्या भागवतात तो नारदांच्या शापाने झाड होतो आणि उखळाला बांधलेला कृष्ण त्याला सोडवतो. चीनमध्ये मात्र त्याची गाठ पडली ती बापाशीच. 'फंगशन यान्यी' या सोळाव्या शतकातल्या कादंबरीत कमळाचा नवा देह मिळताच तो बापाला मारायला धावतो. १९७९ च्या चित्रपटाने तो पाठलाग गाळला. २०१९ च्या चित्रपटात तर बापच मुलाऐवजी मरायला सिद्ध होतो. चारशे वर्षे हा एकच हिशेब पुन्हा पुन्हा मांडला जातो आहे आणि दर वेळी बाकी निराळी उरते!

चित्रपट संपला. नातवाने विचारले, "आजोबा, त्यानं परत दिलं, मग त्याच्या बाबांनी त्याचं काय केलं?"

ती रक्कम मी अजून मोडलेली नाही. मी म्हणालो, "काही करता येत नाही रे त्याचं. मागायलाच नको होतं."

मुलगा स्वयंपाकघराकडे निघाला होता. तो दाराशी थांबला. मागे न वळताच म्हणाला, "बाबा, चहा टाकतोय. घेणार ना?"