पर्वताविना हिमनदी

१८९३ चा ऑगस्ट महिना, आणि उत्तर कॅनडातील डुबॉन्ट सरोवरावर अजून बर्फ होता. तीन कॅनूंमधून आठ माणसे त्यातून वाट काढीत होती. झाडे केव्हाच मागे पडली होती.

कॅनडाच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाचा जोसेफ बर टिरेल या ‘ओसाड’ प्रदेशाचा नकाशा करीत होता. (ओसाड म्हणणारे बाहेरचे, इनुइटांचे ते घरच.) त्याचे लक्ष खडकांवरच्या ओरखड्यांकडे होते. सरकत्या हिमाच्या तळाशी अडकलेले दगड खालचा खडक खरवडतात. ओरखडा हिमाची रेषा सांगतो. पण हिम कोणत्या टोकाकडून आले, हे सांगत नाही. त्यासाठी खडकाचा उंचवटा पाहावा लागतो: हिम चढले ती बाजू घासून गुळगुळीत, उतरले ती तुटकी, खडबडीत.

या दिशा नकाशावर मांडल्या, तेव्हा त्या ध्रुवाकडून आलेल्या दिसेनात. हडसन उपसागराच्या पश्चिमेकडील सखल भूमीतून त्या चहूकडे फाकल्या होत्या. जवळपास उंच पर्वत नाही, आणि हिमाचे माहेर मात्र इथे! टिरेलने तिला कीवाटिन हिमनदी म्हटले.

या नोंदी थोडक्यात बचावल्या. उपसागराच्या किनाऱ्याने चर्चिलकडे येताना शिधा संपला. भुकेने आणि थंडीने माणसे खचली. तीन इरोक्वाय नावाड्यांसह आठहीजण जिवंत पोहोचले, हे त्या नावाड्यांच्या कौशल्याचे श्रेय. नकाशावर मात्र नाव टिरेलचे. पुढे विनिपेगपर्यंत हिमातून पायपीट होतीच.

१९६८ चा कॅनडाचा हिमानी नकाशा तयार झाला, तेव्हा हवाई छायाचित्रे हाताशी होती. कीवाटिनचे हिमकेंद्र त्याही नकाशावर आहे.