सुरतेतील एक परके घराणे

मनुष्य आपला मुलूख सोडून दूर देशी स्थायिक झाला, म्हणजे त्याच्या घराण्याचा इतिहास दोन गावांत वाटला जातो. जन्माची नोंद एका गावी राहते आणि मरणाची खूण दुसऱ्या गावी. ही दोन टोके जुळविल्याखेरीज त्या मनुष्याची खरी ओळख पटत नाही. आमचे सुरत शहर तर अशा माणसांनीच भरलेले आहे. पोर्तुगीज, इंग्रज, डच, आर्मेनियन असे किती तरी लोक तापीच्या काठी आले. काही परत गेले, काही येथील मातीत मिसळले. त्यांतील एका इंग्रज घराण्याचा माग काढण्याचा आम्ही येथे प्रयत्न करीत आहोत. कारण त्या घराण्याचा धागा आमच्या मराठी इतिहासाशी दोन ठिकाणी गुंतलेला आहे.

कतारगाम दरवाज्याच्या बाजूस इंग्रजांचे जुने कबरस्तान आहे. तेथील सर्वांत मोठी इमारत लांबून पाहिली, तर ती एखाद्या मोगल सरदाराची कबर आहे असेच वाटते. जाड खांब, कमानी, वर घुमट, आणि सुमारे चाळीस फूट उंची. परंतु आत निजलेले आहेत ते ख्रिस्तोफर आणि जॉर्ज ऑक्झेंडन हे दोघे इंग्रज भाऊ. ख्रिस्तोफर 1659 मध्ये वारला व त्याची लहानशी कबर प्रथम बांधली गेली. दहा वर्षांनी, 14 जुलै 1669 रोजी, जॉर्जही सुरतेसच निवर्तला. तेव्हा धाकटी इमारत न पाडता तिच्यावरच ही मोठी इमारत उभारण्यात आली. जणू एका भावाने दुसऱ्यावर छत्र धरले आहे!

ख्रिस्तोफरच्या कबरीवरील लॅटिन लेख व्यापाऱ्याला शोभेल असाच आहे. त्यात मृत्यूने त्याच्याकडे हिशेब मागितल्याचे म्हटले असून, कंपनीने सेवक गमावला, सोबत्यांनी सोबती गमावला आणि त्याने स्वतः प्राण गमावला, अशी तोट्याची बाजू मांडली आहे. मात्र दुसऱ्या पानावर मरणाची नोंद त्याने लाभ म्हणून करावी, असा त्याचा भावार्थ. जमाखर्चाच्या भाषेत इतका शोक व्यक्त होऊ शकतो, हे वाचून आम्हांस आश्चर्य वाटले.

हे भाऊ मूळचे कुठले? इंग्लंडच्या केंट परगण्यात विंगहॅम नावाचे गाव आहे. त्याच्या जवळच्या डीन येथे सर जेम्स ऑक्झेंडन हे जमीनदार राहत. त्यांचा तिसरा मुलगा जॉर्ज. त्याचा बाप्तिस्मा 6 एप्रिल 1620 रोजी विंगहॅमच्या चर्चमध्ये झाला. आईचे नाव मार्गारेट. तीही केंटमधीलच नेविन्सन घराण्यातली. जॉर्ज तरुणपणीच हिंदुस्थानात आला. पुढे 1661 मध्ये त्यास इंग्लंडच्या राजाने 'सर' ही पदवी दिली आणि 1662 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने सुरतेच्या वखारीचा प्रमुख नेमले. थोरला भाऊ हेन्री मायदेशीच राहिला. त्याला 1678 मध्ये बॅरोनेट हा वंशपरंपरागत किताब मिळाला.

जानेवारी 1664 मध्ये शिवाजी महाराजांनी सुरतेवर स्वारी केली. मोगल सुभेदार इनायतखान किल्ल्यात दडून बसला. श्रीमंत सावकारांचे वाडे उघडे पडले. त्या वेळी आपल्या मूठभर माणसांनिशी वखारीचे रक्षण करणारा इंग्रज म्हणजे हाच जॉर्ज ऑक्झेंडन. आम्ही शाळेत ही हकिकत महाराजांच्या बाजूने शिकतो, आणि ते योग्यच आहे. तथापि वखारीच्या भिंतीआड उभा असलेला मनुष्यही कोणाचा तरी पुत्र होता व पाच वर्षांपूर्वी याच शहरात त्याचा भाऊ पुरला गेला होता, हे कळल्यावर इतिहासातील शत्रूलाही चेहरा येतो. त्यामुळे महाराजांविषयीचा आदर तिळमात्र कमी होत नाही.

दुसरा धागा अधिक विलक्षण आहे. दहाच वर्षांनी, 1674 मध्ये, याच कुळातील हेन्री ऑक्झेंडन इंग्रजांचा वकील म्हणून नजराणा घेऊन रायगडावर गेला. 6 जून रोजी झालेला राज्याभिषेक त्याने डोळ्यांनी पाहिला आणि लिहून ठेवला. सिंहासनाच्या दोन्ही बाजूंस भाल्यांच्या टोकांवर लावलेली सोन्याची चिन्हे, त्यांतील न्यायाचा तराजू, दरवाज्यापाशी उभे असलेले दोन लहान हत्ती आणि एवढ्या अवघड गडावर ते चढविले तरी कसे याविषयी त्यास वाटलेला अचंबा, हे सारे आज आपणांस ठाऊक आहे ते पुष्कळसे त्याच्या रोजनिशीमुळे. ज्या घराण्यातील एकाने आमच्या सैन्यापासून आपली वखार राखली, त्याच घराण्यातील दुसऱ्याने आमच्या इतिहासातील सर्वांत मंगल दिवसाची साक्ष जपून ठेवली.

हा सारा माग लागला कशावरून? चर्चमधील नोंदवही, कबरीवरचा लेख, कंपनीची पत्रे आणि घरात जपलेले कागद यांवरून. जॉर्जची कागदपत्रे आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. त्यांचा बॅरोनेट किताब 1924 मध्ये वारसाअभावी संपला. परंतु घराण्याची स्मृती संपली नाही, कारण ती कागदावर होती.

येथे आमचे मन आपल्याकडे वळते. सुरतेतील आम्हां मराठी कुटुंबांपैकी पुष्कळांचे वाडवडील धुळे, नंदुरबार, जळगावकडून तापीखोऱ्याच्या रेल्वेने आले. कोणी मागावर बसले, कोणी गिरणीत लागले, कोणी बांधकामावर राबले. त्यांच्यावर कोणी घुमट बांधला नाही. पणजोबांचे नाव विचारले तर आमच्यातील कित्येक मुले गप्प बसतात. पणजीचे नाव तर घरातही कोणास आठवत नाही. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या इंग्रज व्यापाऱ्याच्या आईचे नाव आम्हांस सांगता यावे आणि स्वतःच्या पणजीचे सांगता येऊ नये, ही गोष्ट मनाला लागते.

तरीही आपला मार्ग अगदीच बंद नाही. नाशिक-त्र्यंबकेश्वरी गेल्यावर तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत गाव व आडनाव सांगून आपल्या पूर्वजांची नावे शोधता येतात. मूळ गावच्या तलाठ्याकडील सातबारा, आजोबांच्या शाळेचा दाखला, लग्नपत्रिका, भांड्यांवर कोरलेली नावे, हीदेखील साधनेच आहेत. आणि सर्वांत मोठे साधन आपल्या ओसरीवर बसलेले आहे. आमच्या बालमित्रांनी या सुट्टीत आजी-आजोबांजवळ बसावे, सुरतेस प्रथम कोण आले, कोणत्या वर्षी आले, बरोबर काय आणले, हे विचारावे आणि उत्तर तारखेसह वहीत लिहून ठेवावे. आजीला तिच्या आईचे आणि सासूचे नाव आधी विचारावे. कारण ते सांगणारी कदाचित आता तीच एक उरली असेल.