सूर्यास्तापूर्वीचा हिशेब

मुंबई आणि कोल्हापूर यांच्या खर्चाची तुलना करताना आपण घरभाडे, शाळेची फी, दूध-भाजी यांची बेरीज मांडतो. आपल्या व्यापारी कुटुंबांत आणखी एक रकाना धरावा लागतो, तो सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाचा. डिसेंबरात दोन्ही शहरांत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. झवेरी बाजारातील पेढीवरून भाईंदरच्या घरी पोहोचण्यास तासाहून अधिक वेळ लागतो. रात्रिभोजनत्याग पाळणाऱ्याला तेथे पेढीवरच डबा उघडावा लागतो. कोल्हापुरात गुजरीतील सराफ, घर जवळच्या पेठेत असल्यास, साडेपाचला घरी जाऊन मुलाबाळांसह जेवतो आणि संध्याकाळच्या गिऱ्हाइकाला पुन्हा गादीवर हजर असतो. शुक्रवार पेठेतील लक्ष्मीसेन मठ पायी अंतरावर. कुंभोजच्या बाहुबलीचे दर्शन घेऊन एका दिवसात परतता येते.

म्हणून कोल्हापूर स्वस्त, असे मात्र सरसकट म्हणवत नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पंचगंगेचे पाणी शहरात शिरले. दुकानातला भिजलेला माल कोणत्या भाववाढीत धरायचा? दुसरा खर्च तर वहीत चढतच नाही. सी.ए. किंवा इंजिनिअर झालेला मुलगा महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबई गाठतो आणि तेथल्या भाड्याला पहिली काही वर्षे इथल्या दुकानाचा नफा पुरवावा लागतो. सुनेलाही तेथेच नोकरी मिळते. इकडे घर ऐसपैस, स्वयंपाक वेळेवर. पण साडेपाचच्या ताटांवर आता बहुधा दोघेच असतात.